वही हातात देण्याआधी

तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एव्हाना एखादं तरी पोस्टर येऊन गेलं असेल. एक कमळ, निळसर जलरंगाचे ओघळ आणि खाली 'ताणमुक्तीसाठी सजग चित्रकला आणि जर्नलिंग. विज्ञानाने सिद्ध झालेली पद्धत. प्रवेश विनामूल्य, चहापान होईल'. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी असं एक पोस्टर फिरलं. ते मी केलं होतं आणि 'विज्ञानाने सिद्ध' हे शब्द माझेच होते. पेशाने मी संशोधक आहे. प्रथिनांच्या घड्या कशा बिघडतात यावर माझी पीएचडी आहे. मानसशास्त्र हा माझा विषय नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यातच आहे.

मी याकडे कसा वळलो ते थोडक्यात. पोस्टडॉकसाठी इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझे प्रयोग सलग चार महिने फसत होते. डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार पडतो. लॅबमधून घरी यायचं, कुकर लावायचा आणि आईला फोनवर 'सगळं छान चाललंय' म्हणून सांगायचं, एवढंच उरलं होतं. त्या दिवसांत एका सहकाऱ्याने दिलेल्या कोऱ्या वहीत मी रोज रात्री समोर दिसेल ती वस्तू काढायला लागलो. कुकरची शिट्टी, आल्याचा तुकडा, रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे. खाली दोन-चार ओळी लिहायचो. हळूहळू मला बरं वाटायला लागलं. ते वहीमुळे, की मार्चमध्ये दिवस मोठा झाला म्हणून, की एकदाचा प्रयोग जमला म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. नमुनासंख्या एक, तुलनेला दुसरा गट नाही. लॅबमध्ये एखाद्या विद्यार्थ्याने असा निकाल आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

पण स्वतःला गुण आला की लगेच दुसऱ्याला औषध सांगायचं, ही आपली जुनी सवय. मी शनिवार-रविवारचा एक ऑनलाइन कोर्स केला. 'सजग कला आणि जर्नलिंग: प्रशिक्षकांसाठी'. रविवारी रात्री प्रमाणपत्र ईमेलने आलं. पुढच्याच महिन्यात आमच्या लायब्ररीच्या वरच्या खोलीत वर्ग सुरू झाला. चौदा माणसं आली. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले तीन आजी-आजोबा, डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आणि अजून नोकरी न लागलेल्या दोघीतिघी, मास्टर्सचे विद्यार्थी आणि वीस-वीस वर्षं इथेच असलेली काही जण.

पहिले दोन वर्ग छान झाले. तिसऱ्या वर्गात मी कोर्समध्ये शिकवलेला 'खोल लेखन' हा प्रकार घेतला. सगळ्यांना सांगितलं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखावणाऱ्या प्रसंगाबद्दल वीस मिनिटं न थांबता लिहा. पेन उचलू नका, खोडू नका.

एक ताई होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, कायम हसतमुख, मंडळाच्या दिवाळीला चकल्या त्यांच्याकडूनच येणार हे ठरलेलं. त्यांनी वीस मिनिटं मान वर केली नाही. वेळ संपल्यावर मी छोटी घंटा वाजवली आणि म्हणालो, "छान! आता चहा घेऊया." त्यांनी वही बंद केली, कप घेतला, तो तसाच खाली ठेवला आणि मुलाला आणायचंय असं सांगून निघून गेल्या. पुढचे दोन वर्ग त्या आल्या नाहीत. मग त्यांचाच फोन आला. मे २०२१ मध्ये त्यांची आई सांगलीला गेली. भारत तेव्हा ब्रिटनच्या लाल यादीत होता, त्यांना जाणं जमलं नाही. अंत्यविधी त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिले आणि त्याविषयी नंतर कुणाशी एक शब्द काढला नव्हता. माझ्या वर्गात तो पहिल्यांदा कागदावर उतरला. त्यानंतर तीन रात्री त्या झोपल्या नव्हत्या.

"तुझ्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण तू सुरुवातीला एवढं तरी म्हणायला हवं होतंस, की लिहायचं नसेल तर लिहू नका."

फोन ठेवल्यावर, जे आधी करायला हवं होतं ते मी केलं. मूळ शोधनिबंध वाचायला घेतले.

अशा लेखनावरच्या संशोधनाची सुरुवात बहुतेक जण १९८६ च्या एका अभ्यासापासून मानतात. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांबद्दल लिहिलं, तर काहींनी आपली खोली, पायातले बूट असल्या निरुपद्रवी विषयांवर. घटना आणि तिच्याशी जोडलेल्या भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. हा निष्कर्ष माझ्या कोर्समध्ये मोठ्या अक्षरांत पडद्यावर आला होता. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र पडद्यावर आली नव्हती. लिहून झाल्यावर लगेच याच विद्यार्थ्यांचं मन जास्त खिन्न होतं आणि रक्तदाबही वर गेलेला होता. म्हणजे खोलीतून बाहेर पडणारा माणूस आत आला तेव्हापेक्षा वाईट अवस्थेत असणं, हे या पद्धतीत अपेक्षितच आहे. आणि मी त्या क्षणी घंटा वाजवून चहा पाजत होतो.

पुढे या विषयावर शेकडो अभ्यास झाले. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. सरासरी फायदा आढळला, पण तो लहान होता. सरासरीच्या पोटात काय दडलेलं असतं हे लॅबमध्ये काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. कुणाला पुष्कळ फायदा, अनेकांना काहीच नाही, काहींना त्रास. २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जी माणसं आधीच तेच ते विचार मनात घोळवत होती, त्यांना भावनिक लेखनाने मदत होण्याऐवजी त्यांचं सावरणं लांबलं. दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिणं त्यांना जास्त मानवलं. खुद्द पेनेबेकर सांगतात की एखाद्या विषयावर लिहिताना आपण कोसळू असं वाटत असेल, तर त्या विषयावर लिहू नका. म्हणजे ताईंनी फोनवर सांगितलेला नियम या पद्धतीच्या जनकानेच घालून दिलेला होता, आणि माझ्या प्रमाणपत्रात तो नव्हता.

चित्रांच्या बाजूची गोष्टही अशीच आहे. 'पंचेचाळीस मिनिटं चित्र काढा, ताणाचं संप्रेरक घटतं' हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असणार. त्याच्या मुळाशी गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास आहे. ३९ प्रौढ माणसांनी ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांच्याशी खेळून काहीतरी बनवलं. साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल कमी झालं आणि चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. निकाल उमेद देणारा आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ३९ माणसांना तेवढा वेळ नुसतं खिडकीशी बसवलं असतं, तर काय झालं असतं? शिवाय कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि दिवस चढेल तसं आपोआपही उतरतं. एवढ्यावर 'विज्ञानाने सिद्ध' असं पोस्टरवर छापणं हे मी माझ्या क्षेत्रात कधीच केलं नसतं. दुसऱ्याच्या क्षेत्रात मात्र बिनदिक्कत केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग हे सगळं तज्ज्ञांवर सोपवून आपण गप्प बसावं का? माझं मत तसं नाही, आणि हा लेख लिहिण्याचं कारणही तेच आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाला एकटेपणा येतो तो मराठीतून येतो. 'जीव रमत नाही', 'कोंडल्यासारखं होतं', 'कशातच राम वाटत नाही' हे डॉक्टरपुढे इंग्रजीत सांगायला गेलं की त्याचं 'आय अ‍ॅम फीलिंग लो' होतं आणि बरंचसं मधेच सांडतं. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना तर तेवढंही सांगता येत नाही. आठवड्यातून दीड तास शेजारी बसून, आपल्या भाषेत, हाताने काहीतरी करायला मिळणं ही या माणसांसाठी मोठी गोष्ट आहे. असे वर्ग हवेत, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसांनीच घ्यावे लागतील. माझा आग्रह एवढाच आहे की शिकवायला शिकताना काय शिकायचं, हे आपण नीट ठरवावं. गेल्या दीड वर्षात मी जे शिकलो ते तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट, दावा छोटा ठेवा. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही पदवी कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने ती लावणं गुन्हा आहे. त्यामागे काही वर्षांचं शिक्षण आणि देखरेखीखाली केलेलं काम असतं. आपण घेतो तो वर्ग. त्याला वर्गच म्हणा, 'थेरपी' आणि 'हीलिंग' हे शब्द पोस्टरवरून काढा. आमच्या नव्या पोस्टरवर 'चित्रं काढू, थोडं लिहू, चहा पिऊ' एवढंच आहे. येणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही.

दुसरी गोष्ट, आधी भीती काढा. आपल्या माणसांना कागद दिला की पहिलं वाक्य येतं, 'मला चित्रकला येत नाही'. हे शाळेने शिकवलेलं आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत ज्यांना ग्रेड मिळाली ते चित्रकार, बाकीचे आयुष्यभराचे नापास. मग त्या बाकीच्यांच्या हातून पंचावन्न वर्षांनीही तोच देखावा उतरतो. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्या वर्गातल्या तिन्ही आजी-आजोबांनी पहिल्या दिवशी तोच काढला होता. यावर मला सापडलेला उत्तम उपाय जुना आहे. किमॉन निकोलाईदेस या अमेरिकन चित्रकलाशिक्षकाचं १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक एका साध्या सरावाने सुरू होतं. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवायची, पेन्सिल त्याच गतीने कागदावर फिरवायची आणि कागदाकडे बघायचं नाही. मी प्रत्येकासमोर आल्याचा एक तुकडा ठेवतो. सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येतात, माझंही येतं, त्यामुळे नापास कुणीच होत नाही. आणि पाच मिनिटं माणूस आल्याकडे खरोखर बघतो. सजगता म्हणतात ती याहून फार वेगळी गोष्ट नसावी.

तिसरी गोष्ट, कोरा कागद देऊ नका. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम थोडं चिंतेत टाकलं आणि मग रंगवायला बसवलं. काहींना मंडलाची आकृती, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकडी दोन्हींनी चिंता जवळपास सारखीच उतरली, कोऱ्या कागदाने तेवढी नाही. मंडलात काही गूढ आहे असं यातून दिसत नाही. मनाला धरून चालायला एक चौकट लागते, एवढं दिसतं. आपल्याकडे ती चौकट दारात पडलेली असते. ठिपके नऊ ते एक काढा आणि जोडत जा. आमच्याकडे आता अर्धा वर्ग ठिपक्यांच्या कागदावर जातो. सांगायला हवं की रांगोळीने चिंता कमी होते असं दाखवणारा पुरावा माझ्याकडे नाही. करी-कॅसर यांच्या चौकडीवरून मी केलेला तो अंदाज आहे आणि वर्गात मी तो अंदाज म्हणूनच सांगतो.

चौथी गोष्ट मला माझ्याच लॅबने शिकवली होती, फक्त ती वर्गात आणायचं सुचलं नाही. प्रयोगाच्या वहीत निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहायचे असतात. 'द्रावण गढूळ झालं' हे निरीक्षण. 'प्रथिन खराब झालं' हा निष्कर्ष, आणि तो चुकीचा असू शकतो. कदाचित मीठ जास्त पडलं असेल. रोजनिशीत आपण हे दोन्ही एका वाक्यात कालवतो. 'सुनेने आज माझ्याशी नीट बोलणं केलं नाही, तिला मी इथे नको आहे.' मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला सांगतो. डावीकडे काय झालं, उजवीकडे मला काय वाटलं. एका आजींनी डावीकडे लिहिलं, 'ती सात वाजता आली, चहा न घेता लॅपटॉप उघडला'. उजवीकडे त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मी विचारायला गेलो नाही. त्या रेघेने त्यांचं दुःख कमी झालं की नाही, मला माहीत नाही. पण स्बारांच्या अभ्यासात कोरडं लेखन ज्यांना मानवलं, तशा माणसांसाठी डावी बाजू ही सुरक्षित जागा आहे, आणि उजवी बाजू कोरी ठेवायची मोकळीक प्रत्येकाला आहे.

पाचवी गोष्ट म्हणजे ताईंचा नियम. प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला मी तो मोठ्याने सांगतो. लिहायचं नसेल तर लिहू नका. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, मला तर नाहीच. मधेच उठून खिडकीशी जाऊन उभं राहिलं तरी चालेल. दुखऱ्या विषयावर लिहा असं मी कुणालाही सांगत नाही. कुणी आपणहून लिहिलं, तर वर्ग संपल्यावर चहा देऊन त्याला एकटं सोडत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करतो. त्याहून जास्त काही लागेल असं दिसलं, तर ते माझ्या आवाक्यातलं नाही हे ओळखतो आणि पुढची वाट सांगतो. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदलेल्या प्रौढाला एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे थेट स्वतःची नोंदणी करता येते. तातडीच्या वेळी ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३, अमेरिकेत ९८८. तुम्ही ज्या देशात असाल तिथला क्रमांक पहिला वर्ग घेण्याआधी शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चांगला वर्ग घेता येण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

शेवटची गोष्ट, कुणालाही जबरदस्तीने बसवू नका, विशेषतः मुलांना. ब्रिटनमध्ये ८४ शाळा आणि आठ हजारांहून जास्त मुलं घेऊन झालेल्या 'मिरियड' चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं, मग त्यांनी मुलांना सजगतेचे धडे दिले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नाही. आपल्या मराठी शाळेत रविवारी सकाळी मुलांना डोळे मिटून बसवण्याचा बेत कुणी करत असेल, तर हा निकाल त्यांनी एकदा वाचावा. खडू द्या आणि अंगणात सोडा, असं माझं मत आहे.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस वर्ग चालवतो की अपघाताचा पंचनामा करतो. पण विचार करा. सेंट्रिफ्यूजचं झाकण नीट लावायला शिकल्याशिवाय आम्ही कुणाला मशीनला हात लावू देत नाही. दोन दिवसांच्या कोर्सवर माणसाच्या मनात हात घालायला मात्र आपण तयार होतो, कारण कागद आणि पेन्सिल निरुपद्रवी दिसतात. ती परिणामकारक असतील तर निरुपद्रवी असू शकत नाहीत. दोन्ही दावे एकाच पोस्टरवर करता येणार नाहीत.

ताई पाचव्या महिन्यात परत आल्या. त्या लिहीत नाहीत. वही आणतात, ठिपके काढतात, जोडतात आणि नवीन आलेल्याला कागद देताना माझ्या आधी त्याच सांगतात, "लिहावंसं वाटलं तरच लिही हं." या वसंतापासून महिन्यातला एक वर्ग त्या घेणार आहेत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. मी त्यांना विचारलं, काही तयारी हवी आहे का. त्या म्हणाल्या, "ते दोन फोन नंबर तेवढे लिहून दे."